‘भाजा’ म्हणजे काय, ‘परता’ म्हणजे काय? घरच्या पाककृती वाचायला शिकणाऱ्यांसाठी

घर सोडून नोकरीसाठी बंगळुरूला आलो तेव्हा आईने तिच्या वहीतल्या पन्नासेक पाककृतींचे फोटो फोनवर पाठवले. पहिल्याच आठवड्यात उपमा करायला घेतला. वहीत लिहिलं होतं : ‘रवा चांगला भाजून घ्यावा. फोडणीत कांदा परतावा. उकळतं पाणी घालावं. रवा घालून दणदणीत वाफ आणावी.’ चारच वाक्यं. मी तेलावर कांदा टाकला, त्यातच रवा टाकला, दोन मिनिटं हलवलं आणि नळाचं पाणी ओतलं. कढईत चिकट गोळा झाला. आईला फोन केला तर तिचा पहिलाच प्रश्न, “रवा भाजलास का?” मी म्हटलं, “परतला ना.” ती म्हणाली, “अरे, परतणं वेगळं, भाजणं वेगळं.”

त्यानंतर तीन-चार वर्षं मी हेच शिकत आलो. आपल्या घरगुती पाककृतींत किती मिनिटं, किती आच, किती तेल हे क्वचितच लिहिलेलं असतं, कारण लिहिणाऱ्या बाईच्या लेखी ते सगळं क्रियापदातच येतं. ‘भाजा’ म्हटलं की आच, वेळ, रंग, वास सगळं सांगून झालं. शब्द कळला नाही तर अचूक प्रमाण घेऊनही पदार्थ फसतो. घराबाहेर पहिल्यांदाच स्वयंपाक करणाऱ्यांसाठी हे शब्द मी शिकलो त्या क्रमाने मांडतो आहे.

सुरुवातीला एवढं जवळ ठेवा

- जाड बुडाची कढई. पातळ कढईत भाजणं जमत नाही, आतून कच्चं आणि बाहेरून काळं होतं.
- लोखंडी तवा.
- उलथनं (तुमच्याकडे कालथा किंवा सराटा म्हणत असतील) आणि एक झारा.
- कढईवर घट्ट बसेल असं खोलगट ताट.
- कुकर, आणि मोठ्या भोकांची चाळणी.
- पाककृतीचा कागद आणि पेन्सिल.

१. आधी क्रियापदांखाली रेघ ओढा

गॅस पेटवायच्या आधी पाककृती शेवटपर्यंत वाचा आणि प्रत्येक क्रियापदाखाली रेघ मारा. मग प्रत्येकाला तीन प्रश्न विचारा : यात तेल-तूप आहे का आणि किती? पाणी आहे का? हात सतत चालवायचा आहे की झाकण ठेवून थांबायचं आहे? भाजणे, परतणे, तळणे, उकडणे, वाफवणे यांतले बरेचसे फरक या तीन प्रश्नांनी उलगडतात. जे उरतात ते पुढे येतीलच, आणि घोटाळा तिथेच होतो.

२. भाजणे : पदार्थ आतून बदलेपर्यंत

पुष्कळ ठिकाणी सांगतात की तेल नसेल तर भाजणं आणि तेल असेल तर परतणं. ही व्याख्या अर्धीच खरी आहे. शेंगदाणे, तीळ, उपम्याचा रवा कोरडेच भाजतात, हे बरोबर. पण शिऱ्याचा रवा तुपात भाजतात, लाडवाचं बेसन चांगलं भरपूर तुपात भाजतात, आणि तरी कुणीही ‘बेसन परता’ म्हणत नाही. कारण भाजण्याचा अर्थ तेलावर नव्हे, तर शेवटी काय व्हायला हवं त्यावर ठरतो. जिन्नसाचा कच्चेपणा पार जायला हवा, आतला ओलावा निघून जायला हवा, रंग बदलायला हवा आणि घरभर खमंग वास सुटायला हवा.

यामागचं कारण समजलं तर हात आपोआप सावकाश चालतो. पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळतं. जिन्नसात ओलावा असेपर्यंत त्याचं तापमान त्याच्या फार वर जात नाही. खमंग वास आणि तांबूस रंग मात्र साधारण १४० अंशांच्या पुढे झपाट्याने येतो. प्रथिनं आणि साखर यांच्यात होणाऱ्या या क्रियेचं वर्णन लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये केलं. म्हणजे आधी ओल जायला हवी, मग भाजणं सुरू होतं. मोठ्या आचेवर घाई केली तर बाहेरचा थर करपतो आणि आतली ओल तशीच राहते. म्हणून भाजताना आच मंद किंवा मध्यम, आणि हात सतत चालू.

भाजून झालं हे कसं ओळखायचं?

*रवा :* उलथन्यावर हलका लागू लागतो, दाणा सुटा होतो, वास येतो. उपम्याला रंग फार बदलू देत नाहीत. शिऱ्याला मात्र गुलाबीसर होईपर्यंत भाजतात.

*बेसन :* तुपात घातल्यावर आधी घट्ट गोळा होतो, हात दुखतो. मंद आचेवर ढवळत राहिलात की एका क्षणी ते एकदम सैल आणि हलकं होतं, कडेने तूप सुटू लागतं. तिथून पुढे रंग बदामी होईपर्यंत डोळा काढू नका. चार वाट्या बेसनाला मला अर्धा तास सहज लागतो. दहा मिनिटांत झालं असं वाटलं तर ते झालेलं नसतं, आणि असा लाडू टाळूला चिकटतो.

*शेंगदाणे :* साल तडकून चोळल्यावर सुटली पाहिजे. गॅस बंद केल्यावरही गरम कढईत ते भाजले जातच राहतात, म्हणून लगेच ताटात काढा.

*भाजणी :* थालिपिठाच्या पिठाला भाजणी म्हणतात ते याच क्रियेवरून. त्यातलं धान्य वेगवेगळं भाजावं लागतं. बाजरीचा दाणा लहान, हरभऱ्याची डाळ जाड. एकत्र टाकलं तर डाळ तयार होईपर्यंत बाजरी करपते.

विस्तवावर थेट धरलेल्या वस्तूलाही भाजणंच म्हणतात. वांगं, पापड, कणीस ही रोजची उदाहरणं. खानदेशात भरताची वांगी कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळावर भाजतात, आणि तो धुराचा वास हाच त्या भरताचा प्राण. गॅसवर भाजायचं असेल तर वांग्याला तेलाचं बोट लावा, सुरीने दोन-तीन टोचे मारा (नाहीतर ते फुटतं) आणि देठापाशी मऊ होईपर्यंत फिरवत राहा. देठाजवळचा भाग सगळ्यात शेवटी भाजला जातो.

३. परतणे : थोडं तेल, हलता हात, आणि दोन वेगळे अर्थ

परतणे म्हणजे खालचं वर, वरचं खाली करणं. कढईत चमचा-दोन चमचे तेल, त्यात चिरलेला जिन्नस, आणि उलथन्याने सारखं वरखाली. यात तेल लागतंच, पण जिन्नस तेलात बुडत नाही. कांदा परतला म्हणजे त्याचा उग्रपणा गेला आणि तो मऊ, पारदर्शक झाला. पाककृतीत नुसतं ‘कांदा परतावा’ असेल तर इथेच थांबा. ‘गुलाबी होईपर्यंत’ किंवा ‘लालसर होईपर्यंत’ लिहिलं असेल तरच पुढे जा.

इथला सगळ्यात मोठा सापळा म्हणजे कढई गच्च भरणं. चार कांदे एकदम टाकले की त्यांचं सुटलेलं पाणी उडून जायला जागाच राहत नाही, कांदा आपल्याच वाफेत शिजतो आणि रंग येत नाही. पसरट कढई घ्या किंवा दोन वेळा करा. मीठ आधी घातलं तर पाणी लवकर सुटतं. मऊ कांदा हवा असेल तर ते चांगलंच, कुरकुरीत हवा असेल तर मीठ शेवटी.

आता दुसरा अर्थ. थालीपीठ, धिरडं, पोळी यांच्या पाककृतीत ‘परता’ म्हणजे फक्त उलटा. ‘एक बाजू खरपूस झाली की परतावं’ याचा तेल घालून हलवण्याशी काही संबंध नाही. अनारशाच्या कृतीत ‘तळताना परतू नये’ असं हमखास असतं, तेही याच अर्थाने. खसखस लावलेली बाजू वर ठेवून अनारसा तुपात सोडतात आणि झाऱ्याने वरून तूप उडवत तळतात. तो उलटायचा नाही, एवढंच तिथे सांगायचं आहे. कढईतली चिरलेली वस्तू असेल तर पहिला अर्थ, तव्यावरची किंवा तळणीतली सपाट, अखंड वस्तू असेल तर दुसरा.

४. वाटणाचा कांदा : भाजायचा की परतायचा?

यावर वेगळं लिहितो, कारण माझी सगळ्यात जास्त कालवणं इथेच बिघडली. सावंतवाडीच्या मावशीने सांगितलं होतं, “कांदा-खोबरं भाजून घे आणि वाट.” कढईत तेल टाकायचं म्हणाली, म्हणून मला वाटलं परतायचंच आहे. कांदा गुलाबी झाल्यावर खोबरं घातलं, जरा हलवलं आणि वाटलं. रस्सा फिका झाला, गोडसर लागला, आणि वाटण रश्शात मिळून न येता वेगळं राहिलं.

वाटणाच्या बाबतीत तेल असूनही शब्द ‘भाजणे’ असतो, आणि तो मुद्दाम असतो. चमचाभर तेलात उभा चिरलेला कांदा गडद तपकिरी होईपर्यंत न्यायचा. मग खोबरं, तेही तांबूस-चॉकलेटी होईपर्यंत. दोन्ही वेगवेगळं भाजलं तर उत्तम, कारण सुकं खोबरं पटकन रंग धरतं आणि कांद्याला वेळ लागतो. एकत्र टाकलं तर खोबरं करपून कडू होतं आणि तो कडूपणा मागाहून कशानेही जात नाही. थंड झाल्यावरच वाटा. मावशीच्या चुलीवर अख्खा कांदा आणि खोबऱ्याची वाटी निखाऱ्यातच भाजतात. गॅसवर जाळी ठेवून तेही करता येतं.

उलट, हिरवं वाटण किंवा ओल्या नारळाचं कच्चं वाटण असेल तर कृतीत भाजण्याचा उल्लेखच नसतो. तिथे स्वतःहून भाजू नका.

५. शेकणे आणि तळणे

शेकणे म्हणजे आधीच भाजलेल्या किंवा तयार वस्तूला शेवटची झळ देणं. भाकरी तव्यावर भाजतात आणि मग विस्तवावर शेकतात, तेव्हा ती फुगते. बोलताना लोक दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. त्याने काही बिघडत नाही.

तळणे म्हणजे भरपूर तेलात बुडवून. पुरी-भज्यांसाठी तेल साधारण १७० ते १८० अंशांवर लागतं. थर्मामीटरची गरज नाही. पिठाचा कण सोडा, तो बुडबुडे घेत लगेच वर आला पाहिजे. तळाशी बसून राहिला तर तेल गार आहे, क्षणात काळा झाला तर फार तापलं आहे. चकली आणि शंकरपाळी मात्र आच कमी करून सावकाश तळायची, नाहीतर बाहेरून रंग येतो आणि आत मऊ राहतात.

एक अपवाद लक्षात ठेवा. कोकणात आणि मुंबईत ‘तळलेली सुरमई’ म्हणतात ती बहुतेक वेळा तव्यावर थोड्या तेलात केलेली असते. माशाच्या कृतीत ‘तळा’ वाचून कढईभर तेल तापवू नका.

६. उकळणे, उकडणे, वाफवणे, शिजवणे

पाण्याचे हे चार शब्द, आणि नवख्या माणसाला चारही सारखेच वाटतात.

*उकळणे* पातळ पदार्थाचं. चहा, दूध, आमटी, कट उकळतात. ‘एक उकळी आणा’ म्हणजे बुडबुडे सगळीकडून वर आले की झालं. ‘चांगलं उकळू द्या’ म्हणजे पाच-सात मिनिटं तरी. कढीला मात्र मंद आचेवर ढवळत जेमतेम उकळी आणतात, खळखळून उकळली तर ती फुटते.

*उकडणे* घन वस्तूचं, बहुधा अखंड आणि सालासकट. बटाटे, अंडी, रताळी, ओल्या शेंगा उकडतात. ‘बटाटे उकडून घ्या’ म्हणजे अख्खे, कुकरमध्ये, मग सोलायचे. ‘बटाटे शिजवा’ म्हणजे फोडी करून रश्शातच मऊ होऊ द्यायच्या. हा फरक न कळल्याने मी एकदा फोडी करून पाण्यात उकडल्या. त्या पाणी पिऊन बसल्या आणि वड्याचं सारण इतकं ओलं झालं की वडे तेलात सुटले.

*वाफवणे* म्हणजे वस्तूला पाणी लागू न देता फक्त वाफेवर. अळूवडीचे उंडे, कोथिंबीर वडी, ढोकळा, मोदक चाळणीत किंवा मोदकपात्रात ठेवतात.

*शिजवणे* हा सगळ्यांत व्यापक शब्द. भात, डाळ, भाजी, मटण काहीही. वस्तू मऊ आणि खाण्याजोगी होईपर्यंत, एवढाच अर्थ. दाबून पाहिल्याशिवाय शिजलं म्हणू नका. डाळीचा दाणा दोन बोटांत पूर्ण चिरडला गेला पाहिजे.

हे सगळे शब्द एकाच पदार्थात बघायचे असतील तर उकडीचे मोदक करून पाहा. वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर तूप *उकळायचं*. त्यात वाटीभर तांदळाची पिठी घालून ढवळायचं, झाकण ठेवून एक वाफ काढायची. ही झाली *उकड*. ती गरम असतानाच मळायची, मोदक वळायचे, आणि दहा-बारा मिनिटं *वाफवायचे*. पुष्कळांना वाटतं की वाफवतात म्हणून ते उकडीचे. नाव पडलं आहे ते आवरणाच्या उकडीवरून. ताक घालून केलेली तांदळाची उकड नाश्त्याला खातात ती आणखी वेगळी, आणि कोकण-गोव्यातला उकडा तांदूळ म्हणजे साळीतच उकडून, वाळवून मग कांडून साल काढलेला.

राहिली ‘वाफ’. सुक्या भाजीत ‘झाकण ठेवून वाफ काढा’ म्हणजे मंद आचेवर भाजीच्याच ओलाव्यात शिजू द्या. झाकणाच्या ताटात पाणी ठेवा. त्याने झाकण थंड राहतं, वाफेचं पाणी होऊन भाजीवर परत ठिबकतं आणि भाजी लागत नाही. वर पाणी घालावं लागलंच तर ताटातलं हेच कोमट पाणी घाला. ‘दणदणीत वाफ’ म्हणजे झाकण उचलल्यावर वाफेचा लोट वर आला पाहिजे. तोवर मधेमधे उघडून पाहू नका.

७. भिजवणे : एका शब्दाच्या चार क्रिया

माझ्या मते पूर्ण नवख्याला सगळ्यात जास्त फसवणारा शब्द हाच.

‘डाळ भिजत घाला’ म्हणजे भरपूर पाण्यात, काही तास. ‘कणीक भिजवा’ म्हणजे पाणी घालून मळून गोळा करा. ‘भज्यांचं पीठ भिजवा’ म्हणजे सैलसर कालवा, मळायचं नाही. ‘पोहे भिजवा’ म्हणजे जाड पोहे चाळणीत घेऊन पाण्याखाली धरा, निथळा आणि दहा मिनिटं तसेच ठेवा. पोहे पातेल्यात पाणी घालून ठेवले की लगदा झालाच. साबुदाण्याचं तर आणखी निराळं. धुवून, पाणी काढून, दाण्यांच्या जेमतेम बरोबरीने पाणी ठेवून चार-पाच तास झाकायचा. भिजलेला दाणा बोटांत सहज चिरडतो आणि तरी सुटा राहतो.

म्हणून ‘भिजवा’ दिसलं की आधी काय भिजवायचं ते वाचा.

८. फोडणी कुठे आणि कधी

‘फोडणीला टाका’ म्हणजे पदार्थाची सुरुवात फोडणीने : तेल तापवा, मोहरी तडतडू द्या, जिरं, हिंग, कढीपत्ता, शेवटी हळद, आणि त्यावर भाजी किंवा डाळ. हळद लवकर जळते म्हणून ती शेवटी, आणि तिच्यामागोमाग मुख्य जिन्नस लगेच. ‘वरून फोडणी द्या’ म्हणजे पदार्थ आधी तयार करून छोट्या कढल्यातली फोडणी त्यावर ओता. कोशिंबीर, दहीभात, ढोकळा यांना अशी देतात. लोणच्याची फोडणी पूर्ण गार करून घालायची असते. तो ‘गार करून’ शब्द नजरेतून सुटला तर मसाला करपतो.

मोहरी तडतडायच्या आधी पुढचं काही टाकू नका. न फुटलेली मोहरी दाताखाली कडू लागते.

९. छोटे शब्द, मोठे घोटाळे

- ‘गॅस बारीक करा’ म्हणजे आच कमी करा. ‘कांदा बारीक करा’ म्हणजे बारीक चिरा, आणि मिरचीसोबत लिहिलं असेल तर बहुधा वाटा.
- ओला नारळ खवतात, सुकं खोबरं किसतात. नुसतं ‘खोबरं’ लिहिलं असेल तर कोणतं ते विचारा. रस्सा की सोलकढी यावरूनही अंदाज येतो.
- कूट म्हणजे जाडसर. दाणे मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलेत तर तेल सुटून गोळा होतो.
- आटवणे म्हणजे उकळून पाणी कमी करणं, जसं बासुंदीचं दूध. आळणे म्हणजे घट्ट होत येणं. ‘पिठलं आळून आलं की उतरवा’ म्हणजे अजून थोडं पातळ असतानाच उतरवा, गार होताना ते आणखी आळतं.
- मोहन म्हणजे पिठात घालायचं तेल किंवा तूप. ‘कडकडीत मोहन’ लिहिलं असेल तर ते खरोखर चांगलं तापवूनच घालायचं.

१०. घरी फोन करताना काय विचारायचं

“किती मिनिटं?” असं विचारलंत तर उत्तर मिळेल, “होईल तेव्हा होईल.” तिने घड्याळ लावून कधी केलेलंच नसतं. त्याऐवजी विचारा : रंग कसा दिसला पाहिजे? वास कसा येतो? उलथन्याला चिकटतं की सुटतं? आवाज कसा येतो? यांची उत्तरं आई, आजी, मावशी अचूक देतात. जमलं तर व्हिडिओ कॉल लावून कढई दाखवा. “आणखी, आणखी… हां, आता बंद कर,” हे एकदा ऐकलं की तो रंग डोळ्यांत बसतो. मग वहीत त्या क्रियापदाशेजारी आपल्या शब्दांत तो रंग लिहून ठेवा. माझ्या फोटोंच्या छापील प्रतींवर आता आईच्या अक्षराशेजारी पेन्सिलने ‘ओल्या विटेचा रंग’, ‘चिकटायचं थांबेपर्यंत’, ‘हात हलका होईपर्यंत’ असं लिहिलेलं आहे.

पहिल्या आठवड्यात मोठ्या पदार्थांच्या मागे लागू नका. एक दिवस वाटीभर दाणे भाजा, एक दिवस दोन कांदे परता, एक दिवस चार बटाटे उकडा. चौथ्या दिवशी या तिन्हींतून उकडलेल्या बटाट्याची भाजी आणि त्यावर दाण्याचं कूट एवढं सहज होतं. उपमा पाचव्या दिवशी करा, आणि रवा आधी कोरडाच भाजून ताटात काढून ठेवा.